तानुबाईचे डगले

तानुबाईच्या नवऱ्याला मारलं तेव्हा भर दुपार होती. सिताराम वाव्हळे शिलाई मशीनवर बसला होता. सुईखाली जाड कापड होतं आणि पाय चालू होता. मानेवर कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला तरी मशीनचं चाक थोडा वेळ फिरतच राहिलं, असं तानुबाई सांगायची. सांगताना तिचा आवाज चढत नसे. "मग मशीन हळूहळू थांबली," एवढंच ती म्हणायची.

मी बन्सीधर, एसटीत कंडक्टर होतो. गाडीतली माणसं मला मास्तर म्हणत. परभणी, ताडकळस, जिंतूर, देवगाव फाटा या रस्त्यांवर माझी सारी नोकरी गेली. तानुबाईची पोती मी वाहिली, तिच्या खटल्यात साक्ष दिली आणि चौऱ्याण्णव साली तिच्यासोबत एकाच गाडीत दगड खाल्ले. म्हणून तिची हकिकत मला सांगता येते. गावाचं नाव मात्र घेत नाही. ताडकळसच्या अंगाला, कच्च्या वाटेवरचं गाव, एवढं पुरे. तिथं आजही दोन्हीकडची माणसं राहतात.

सिताराम मूळचा तंबू शिवणारा. येलदरी धरणाचं काम चालू होतं तेव्हा मजुरांच्या छावणीत तो दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन फाटके तंबू सांधायचा. काम संपलं, छावणी उठली, फाटके तंबू तिथंच चिखलात पडले. सितारामनं ते बैलगाडीवर घालून गावाला आणले आणि त्यांचे डगले शिवायला घेतले. लांब बाह्यांचा, मांडीपर्यंत येणारा, गळ्यापर्यंत बंद होणारा जाड डगला. बाभळी तोडणारे, खडी फोडणारे, कालव्यावर माती उपसणारे, विजेचे खांब उभे करणारे असे ज्यांचं काम उन्हात, काट्यात आणि दगडात, ते लोक तो नेऊ लागले. दुकानातला सदरा बाभळीच्या रानात एक हंगाम टिकत नसे. हा डगला बापाच्या अंगावरून लेकाच्या अंगावर जाई.

तंबू संपले तशा दोघांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्र्या आणायला सुरुवात केली. देवगाव फाट्यावर ट्रक थांबत. फाटलेली ताडपत्री ड्रायव्हर लोक रस्त्याकडेला फेकून देत. तानुबाई ती गोळा करी, राखेच्या पाण्यात उकळून तिच्यातलं मेण आणि तेल काढी, ओढ्यावर आपटून धुई. कापड मऊ पडलं की मशीनखाली जाई. खांदा, कोपर आणि छाती या जागी कापडाचा दुसरा थर असे, आणि तो अशा टाक्यांनी लावलेला असे की झिजल्यावर तेवढाच उसवून नवा बसवता यावा.

"डगला फाटत न्हाई," सिताराम गिऱ्हाइकाला सांगायचा, "त्याचा खांदा फाटतो. खांदा बदलून न्या, डगला त्योच."

म्हणून दिलेला डगला परत यायचा, ठिगळ लागून पुन्हा जायचा. अगदी कामातून गेला तर त्याची ठिगळं व्हायची, आणि ठिगळं लावूनही जे उरायचं त्याच्या दोऱ्या वळल्या जायच्या. ही सारी ने-आण आमच्या गाडीतून चाले. पोतीही ताडपत्रीचीच. टपावर टाकायची, लगेजचं तिकीट फाडायचं, पुढच्या थांब्यावर कोणीतरी उतरवून घ्यायचं. परतीला त्याच पोत्यातून फाटके डगले यायचे. एक पोतं किती वर्षं फिरत होतं याचा पत्ता मलाही नव्हता.

मशीन सितारामची, ठिगळं तानुबाईच्या हातची. हाताला येईल तो तुकडा ती लावी. खाकी, हिरवा, कधी ट्रकमालकानं रंगवलेल्या अक्षरांसकट. गावातला मोठा शेतकरी माणिकराव बाभळी तोडायची कामं घेई, स्वतःही कुऱ्हाड चालवी. त्याच्या डगल्याला पाठीवर असंच ठिगळ होतं. पिवळ्या रंगातला 'भ', कुठल्यातरी ताडपत्रीवरच्या 'परभणी'मधला. तुकडा तसाच बसत होता म्हणून तो उलटा लागला होता.

"परभणी उलटी केलीस की गं तानू," असं म्हणून माणिकराव हसला होता.

सितारामच्या अंगणात बाजेवर बसून तो डगल्याचं माप द्यायचा. त्या घरचं पाणी त्याला चालत नसे. त्या घरचा डगला अंगाला चालायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गाड्यांच्या काचा फुटल्या, तारा तुटल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडली. गावोगाव बौद्ध वस्त्यांवर हल्ले व्हायला लागले. सिताराम परभणीला नामांतराच्या सभेला जाऊन आला होता आणि त्यानं घरावर निळा झेंडा लावला होता. माणिकराव चार माणसं घेऊन आला.

"सिताराम, झेंडा उतरव. गावात दंगल नको."

"दंगल झेंडा करत न्हाई, मालक," सिताराम म्हणाला. "माझ्या घरावर हाय, तुमच्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. वस्तीतली तरणी माणसं दगड घेऊन पुढच्या वाटेवर उभी होती. मागच्या अंगाला बाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंचीचं कुंपण होतं. त्यातून कोणी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण माणसं कुंपणातूनच आली. खांदा लावून, रेटून, काटे मोडत. तोंडाला उपरणी बांधलेली आणि अंगात डगले.

"आमचंच कापड हुतं," तानुबाई म्हणायची. "म्हनून त्यायला काटा लागला न्हाई."

ती घराच्या मागं ताडपत्री उकळत होती. पहिला माणूस कुंपणातून बाहेर पडला तेव्हा तिनं कढईतलं उकळतं राखेचं पाणी बादलीनं उचललं आणि त्याच्या पायांवर फेकलं. तो ओरडत खाली बसला. बाकीचे तिला ढकलून घरात शिरले. ती आत पोचली तोवर सिताराम मशीनवर पालथा पडला होता, चाक अजून फिरत होतं आणि एकजण पुन्हा कुऱ्हाड उगारत होता. तिनं मागून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डगल्याची गळपट्टी धरली. तिच्या नाकासमोर पिवळा 'भ' होता, उलटा.

दोघांनी तिला ओढलं, ती सुटली नाही. तिच्या केसाला धरून हिसकलं, तरी सुटली नाही. डगल्याचा एक टाका उसवला नाही. शेवटी एकानं विळा काढून तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर ओढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथंच जमिनीवर पडलं. मग ती खाली कोसळली.

त्यांनी रॉकेल ओतलं. न उकळलेल्या ताडपत्र्या मेणा-तेलानं भरलेल्या होत्या. त्यांनी असा पेट घेतला की काळा धूर ताडकळसच्या बाजारातून दिसला. वस्तीतल्या बायांनी तानुबाईला बाहेर काढलं तर ती पुन्हा आत गेली. एका हातानं नवऱ्याचा पाय धरून त्याला ओढत दारापर्यंत आणला. तिथं तिच्या पदरानं पेट घेतला. बायांनी दोघांना मिळून अंगणात ओढलं. सितारामचा जीव गेलेला होता. त्या दिवशी वस्तीत एकही छप्पर शिल्लक राहिलं नाही.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोलीस तिची जबानी घ्यायला आले.

"तोंड बघितलं का कुणाचं?"

"तोंड बांधलेलं हुतं. पाठ बघितली."

"पाठीवरून माणूस ओळखते का बाई?"

"डगला वळखते. ठिगळ माझ्या हातचं हाय. त्यो माणिकरावचा डगला हाय."

पोलिसांनी माणिकरावच्या घराची झडती घेतली. डगला सापडला नाही. माणिकराव म्हणाला, माझ्याकडं असला डगला कधी नव्हताच. भाजलेल्या पायांचा माणूस मात्र सापडला. तो सटवाजी, माणिकरावचा सालगडी. त्यानं सांगितलं की गुळाच्या कढईत पाय पडला. ऑगस्टमध्ये गुऱ्हाळ कुठं चालू होतं हे त्याला कोणी विचारलं नाही.

जखमा भरल्यावर तानुबाई जिंतूरला नणंदेकडं गेली. सरजाबाई सितारामची थोरली बहीण. नवरा खडीवर कामाला, घर एका खोलीचं, पण अंगण मोठं. शेजारच्या वस्तीतून सरजाबाईनं जुनी पायमशीन मिळवून दिली. डाव्या हाताला तीन बोटं उरलेली, कापड सरळ धरता येईना. पहिल्या काही दिवसांत सुई दोनदा तिच्या अंगठ्यातून आरपार गेली. ती हात धुवायची आणि पुन्हा बसायची. मी तिला विचारलं, "बाई, थोडं थांबा की. हात बरा होऊ द्या."

"मास्तर, हात बरा व्हायची वाट बघत बसले तर मलाच काय होईल ते सांगता येत न्हाई," ती म्हणाली.

रस्ते उघडले तशी पोती पुन्हा फिरू लागली. जिंतूर, येलदरी, देवगाव फाटा. ताडकळसकडून मात्र काही येत नव्हतं. आणि एका बाजाराच्या दिवशी, ताडकळसच्या थांब्यावर, तोंडावर पदर ओढलेली एक बाई गाडीपाशी आली. तिनं पोतं माझ्या पायाशी टाकलं.

"जिंतूरला. वाव्हळेच्या तानुबाईला."

"काय आहे?"

"दुरुस्तीचं," ती म्हणाली आणि गर्दीत घुसली. तिचा चेहरा मी पाहिला नाही.

जिंतूरला गाडी लागल्यावर मी स्वतःच पोतं घेऊन सरजाबाईच्या घरी गेलो. तानुबाईनं दोरी सोडली. वर दोन फाटके डगले होते. त्यांच्या आत, गच्च गुंडाळलेला, तिसरा. तिनं तो उलगडला. पाठीवर उलटा 'भ'. छातीवर आणि बाह्यांवर काळपट तपकिरी डाग. कोणीतरी तो पुन्हापुन्हा धुतला होता, पण जाड सुतात रक्त खोल मुरलं होतं.

तानुबाईनं मशीनवरची मोठी कात्री उचलली आणि डगल्यावर घातली. एकदा, दोनदा, जिवंत माणसाला भोसकावं तशी. सरजाबाई मध्ये पडली. तिसरा वार तिच्या तळहातातून गेला. रक्त उडालं तरी तिनं डगला पोटाशी धरून ठेवला.

"कापू नको! तानू, कापू नको! ह्योच तुझा गवाह हाय!"

तेव्हा तानुबाई थांबली. मग ती नणंदेचा हात दोन्ही हातांत धरून मोठ्यानं रडली. दंगलीनंतर ती रडताना मी पहिल्यांदा पाहिली. मी माझा रुमाल फाडून सरजाबाईचा हात बांधला आणि तिथूनच आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. मी हट्टानं पंचनामा करायला लावला. कात्रीची भोकं कशी पडली तेही लिहायला लावलं.

माणिकरावला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत जामीन झाला. घरी गेल्यागेल्या त्यानं बायकोला कमलबाईला गोठ्यात नेलं. डगला जाळायला त्यानं तिच्याच हाती दिला होता. तो पोलिसांपर्यंत गेला तो तिच्याकडूनच, हे त्याला कळलं होतं. त्यानं बैलाच्या कासऱ्यानं तिला खांबाला बांधलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. उजवा हात दोन जागी मोडला, बरगड्या मोडल्या. तिच्या भावानं तिला बैलगाडीत घालून परभणीला आणलं.

बातमी माझ्याकडूनच तानुबाईला कळली. ती म्हणाली, मला तिथं न्या. मी नेलं. दवाखान्यात कमलबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. चेहरा सुजून डोळे बंद झालेले. तानुबाई खाटेजवळ खाली बसली.

"कमलबाई, मी तानू."

कमलबाई तोंड न वळवता हळूच म्हणाली, "त्यायनं मला धुवायला दिला. म्या धुतला. पुन्ना धुतला. तुमचं कापड लय घट हाय वो, रगत आत शिरलेलं निघंना. मग म्हनले जाळून टाक. चुलीपाशी घिऊन बसले. माझ्यानं जाळवलं न्हाई. गंजीत कोंबला."

"मग धाडलात काहून?"

"रोज कडबा काढायला जाते तं हाताला लागायचा. पर कोर्टात मी उभी राहनार न्हाई. मला दोन लेकी हाईत. ते माझ्या लेकीला जित्या ठिवनार न्हाईत. म्या न्हाई धाडला. असंच सांगीन."

मला वाटलं, आता तानुबाई हिला शपथ घालील, सितारामची आठवण देईल. तिची साक्ष झाली असती तर खटला दगडासारखा पक्का झाला असता. तानुबाई तिच्या मोडक्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी न्हाईच धाडला. कुनी धाडला मला ठावं न्हाई." आणि उठली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, हे बरोबर केलंत का? सितारामसाठी..."

"तिचं तोंड बघितलं ना तुमी, मास्तर?" ती तडकून म्हणाली. "आनखी एक बाई मारून मला काय भेटनार हाय?"

खटला ऐंशी साली परभणीच्या कोर्टात उभा राहिला. मी सांगितलं, पोतं एका बाईनं दिलं, चेहरा पाहिला नाही. तेच खरं होतं. तानुबाईला आरोपीच्या वकिलानं दिवसभर झोडपलं. ठिगळ तूच नंतर लावलंस, बकऱ्याचं रक्त तूच ओतलंस, कात्रीची भोकं तुझ्याच हातची, मग बाकीचंही तुझंच. तिला डगला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "ठिगळ माझंच हाय. तेच तं सांगायलेय." रक्त माणसाचं असल्याचा अहवाल आला होता. सटवाजीच्या पायांवरच्या डागांबद्दल डॉक्टरनं सांगितलं की असं भाजणं वरून ओतलेल्या उकळत्या पाण्यानं होतं.

निकालात खुनाचा आरोप टिकला नाही. कुऱ्हाड कुणाच्या हातात होती हे सिद्ध झालं नाही. जाळपोळ आणि गंभीर दुखापतीसाठी माणिकराव आणि सटवाजी यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. पकडलेली बाकीची माणसं सुटली. विळा चालवणारा कोण, हे तर कधीच कळलं नाही.

सुटलेल्यांना न्यायला ट्रक भरून माणसं आली होती. गुलाल उधळला. तानुबाई कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना कुणीतरी अर्धी वीट मारली. ती तिच्या कपाळावर बसली. रक्तानं डोळे भरले तरी ती पायरीवर उभी राहिली. सरजाबाई तिला आत ओढत होती.

"मारा की," ती गर्दीकडं बघून ओरडली. "तोंड बांधून मारता, तोंड उघडं ठिवून मारा! मला पाठी वळखायचा कंटाळा आलाय!"

पोलिसांनी गर्दी हटवली. त्या जखमेची खूण तिच्या भुवईच्या वर शेवटपर्यंत होती.

पुढची वर्षं तिनं कामात घातली. सरजाबाईच्या अंगणात पत्र्याचं छप्पर पडलं, एकीच्या चार मशिनी झाल्या. येणाऱ्या बाया कुठल्या कुठल्या होत्या. कुणी वस्तीतली विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. खडीच्या खाणीतली कडूबाई त्यांत होती. तिच्या ठेकेदारानं तानुबाईचे डगले बंद करून शहरातून चकचकीत निळे सदरे आणले होते. दिसायला छान. पहिल्याच सुरुंगात दगडाची कपची उडाली आणि त्या पातळ कापडातून कडूबाईच्या नवऱ्याच्या पोटात शिरली. माणूस खाणीतच गेला. पुढं तोच ठेकेदार दारात आला. मला तसलेच निळे सदरे स्वस्तात आणि पुष्कळ शिवून द्या, म्हणाला. कडूबाई मशीनवरून उठली आणि तिनं दाभण त्याच्या दंडात घुसवली. त्याचा सदरा पातळ होता. तो किंचाळत पळाला. तानुबाईनं कडूबाईला खूप रागे भरलं.

"दाभण मोडली असती म्हंजे?" ती म्हणाली, आणि मग तिला जवळ घेऊन बसली.

माणिकराव सुटून गावी आला तेव्हा त्याला हार घातले गेले. मधल्या काळात शेत कमलबाईनं सांभाळलं होतं, मोडका हात वाकडा जुळलेला असताना. आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणावरून त्यानं तिच्यावर हात उचलला. तिनं उखळातलं मुसळ काढलं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला, असं मला गाडीत त्याच गावच्या माणसानं सांगितलं. त्यानंतर माणिकराव बाहेरच्या खोलीत राहू लागला आणि कमलबाई लेकींसकट आत. तिच्या गड्यांचे डगले दुरुस्तीला यायला लागले. आता पोतं द्यायला ती स्वतः येई, पदर मागं टाकून. तानुबाईला भेटायला ती कधी जिंतूरला गेली नाही, तानुबाईनंही तिला कधी बोलावलं नाही. पण त्या पोत्यातले डगले तानुबाई दुसऱ्या कुणाला शिवू देत नसे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा निर्णय झाला. त्या दिवसांत मी जिंतूर-देवगाव फाटा गाडीवर होतो. सकाळची फेरी. तानुबाई फाट्यावरच्या हमालांचे दुरुस्त केलेले डगले पोचवायला आणि ताडपत्र्या आणायला निघाली होती. टपावर जागा नव्हती म्हणून पोती मी मागच्या सीटवर टाकली. गाडी भरलेली होती. शाळेचे मास्तर, बाजाराला निघालेल्या बाया, दवाखान्याला निघालेलं एक म्हातारं जोडपं. सगळ्या जातीची माणसं.

एका वळणावर रस्त्यात टायर पेटलेले दिसले. ड्रायव्हर दत्तरावनं ब्रेक मारला. दोन्ही बाजूंच्या तुरीतून माणसं उठली, नामांतराच्या विरोधात घोषणा देत. पहिला दगड समोरच्या काचेतून आला आणि दत्तरावच्या जबड्यावर बसला. मग दगडांचा पाऊस पडला. काचा फुटत होत्या, बाया सीटखाली घुसत होत्या. एक धारदार दगड माझ्या उजव्या डोळ्यावर बसला आणि त्या बाजूचं जग तिथंच बंद झालं. ते आजही बंदच आहे.

दुसऱ्या डोळ्यानं मी तानुबाईला पाहिलं. ती मागच्या सीटवर चढली होती आणि दातांनी पोत्याच्या दोऱ्या तोडत होती. डगले काढून ती माणसांच्या अंगावर फेकत होती.

"डोक्यावर घ्या! तोंडावर घ्या! बाह्या गळ्यात बांधा!"

शाळेच्या मास्तरांनी घेतला, म्हातारीनं घेतला. ज्या बायांनी जिंतूरच्या स्टँडवर तिच्या शेजारी बसायला नको म्हणून सीट बदलली होती, त्यांनीही घेतले. दगड डगल्यांवर आपटत होते. खाली हाडं दुखत होती, पण कातडी फाटत नव्हती. तेवढ्यात पुढच्या दारातून पेटता बोळा आत आला आणि दत्तरावच्या सीटनं पेट घेतला. पुढच्या दाराची वाट बंद झाली. तानुबाईनं मागची काच लाथेनं फोडली, चौकटीत उरलेल्या काचांवर दोन डगले पसरले आणि माणसांना त्यावरून बाहेर लोटायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला तिनं पोत्यासारखं उचलून दिलं. दत्तराव शुद्धीवर नव्हता. मी आणि मास्तरांनी त्याला एका डगल्यात गुंडाळून धुरातून ओढत मागं आणला.

ती सगळ्यांत शेवटी उतरली. खाली एक तरणा माणूस काठी घेऊन उभा होता. त्यानं काठी उगारली. तानुबाईनं काठीच धरली, तीन बोटांच्या हातानं, आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं तोंड बांधलेलं नव्हतं.

"कोन्त्या गावचा रे तू? लय ल्हान दिसतोस."

काय झालं कोण जाणे, त्यानं काठी सोडली आणि तुरीत पळाला. पाठोपाठ पोलिसांची जीप आली. पांगापांग झाली. गाडी मात्र चाकांपर्यंत जळाली.

गाडीत कुणी मेलं नाही. दत्तरावचा जबडा तारांनी बांधला गेला, तो पुढं वर्षभर पातळ खाऊन जगला. तानुबाईच्या पायात काचा घुसल्या होत्या, पाठीवर दगडांचे वळ उठले होते. जिंतूरच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर मी डोळ्याला पट्टी बांधून होतो.

"बाई, तुमचे सगळे डगले गेले," मी म्हणालो.

"गेले कुठं? लोकायच्या अंगावर हाईत."

"परत आणून देतील का?"

"ज्याला लागंल त्यो ठिवील. ज्याचा फाटंल त्यो आनंल."

तसंच झालं. त्या वर्षभरात डगले एकेक करून येत राहिले. काही एसटीतून आले, काही लोक स्वतः घेऊन आले. म्हाताऱ्या बाईनं तिचा धुवून, घडी घालून पाठवला. शाळेच्या मास्तरांनी भोकं पडलेला आणून दिला आणि दुरुस्त करून स्वतःलाच द्या म्हणाले, शेतावर वापरायला. जळके भाग तानुबाई कापून काढायची आणि उरलेल्याचे खांदे, कोपरं करायची. मला डगल्याचा उपयोग नव्हता, मला हलक्या कामावर घेतलं होतं. तरी तिनं एक माझ्या मापाचा शिवला.

सत्त्याण्णव साली फुप्फुसाच्या दुखण्यानं ती गेली. जिंतूरला तिला नेताना खडीवरची, खाणीवरची, रानातली माणसं आली होती. कामावरून तशीच आलेली, अंगात डगले घातलेली. मी एका डोळ्यानं त्या पाठी बघत मागून चालत होतो. खाकी, हिरवी, निळी ठिगळं. कमलबाई आली होती. ती बायांच्या घोळक्यात उभी राहिली नाही, एकटी बाजूला उभी राहिली आणि सगळं संपेपर्यंत थांबली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मास्तर, गाडी किती वाजता हाय? घरी धारा काढायच्या हाईत."

मी तिला वेळ सांगितली आणि स्टँडवर पोचवायला गेलो.